दगडी देवांचा अधुरा चित्रपट

कुठल्याही फिल्म सोसायटीचे सभासद व्हा, एक मूकपट तुमच्यासमोर आज ना उद्या येतोच. ओडेसाच्या बंदराकडे उतरणाऱ्या लांबच लांब पायऱ्या, वरून एका ओळीत उतरणारे बंदूकधारी सैनिक, खाली सैरावैरा पळणारी माणसे आणि आईच्या हातून सुटून पायरी-पायरीने घरंगळत जाणारी एक बाबागाडी. हा 'बॅटलशिप पोटेमकिन'. १९२५ साली तो तयार झाला तेव्हा त्याचा दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन अवघा सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या बहुतेक रसिकांची त्याच्याशी ओळख या पायऱ्यांवर होते आणि बहुधा तिथेच थांबते.

त्याचा जीव मात्र वेगळ्याच चित्रपटात अडकला होता. त्या चित्रपटाची भूमी रशिया नव्हती, मेक्सिको होती. त्यात पिरॅमिड होते, दगडात कोरलेले देव होते, त्या देवांसारखेच नाक-डोळे असलेली हाडामांसाची माणसे होती आणि मृत्यूचा मुखवटा चढवून हसणारी मुले होती. आयझेन्स्टाइनने त्यासाठी आयुष्याचे सव्वा वर्ष दिले आणि दोन लाख फुटांच्या आसपास फिल्म खर्ची घातली. तरी तो चित्रपट त्याला स्वतःच्या हाताने जोडता आला नाही. चित्रपटाचा प्राण त्याच्या जोडकामात असतो, असे साऱ्या जगाला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, यापरती नियतीची थट्टा कोणती?

रिगातले चेहरे

आयझेन्स्टाइनचा जन्म २२ जानेवारी १८९८ चा, रिगा शहरातला. आज ही लाटव्हियाची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यातले एक गजबजलेले बंदर होते. वडील मिखाईल सरकारी इंजिनिअर आणि नावाजलेले वास्तुकार. त्यांनी बांधलेल्या इमारती रिगात आजही प्रवाशांना मुद्दाम दाखवल्या जातात. त्यांच्या दर्शनी भिंतींवर वरून खाली टक लावून पाहणारे अवाढव्य चेहरे आणि मुखवटे आहेत. बाहेर अशी हौस करणारा हा गृहस्थ घरात मात्र करडा होता. आई युलिया सधन व्यापाऱ्याची मुलगी, तिलाही स्वतःचा ताठा होता. दोघांचे पटले नाही. रात्री-अपरात्रीची भांडणे ऐकत मुलगा वाढला. शेवटी आई पीटर्सबर्गला निघून गेली, तिच्या माहेरचे सामानसुमानही गेले आणि रिकाम्या झालेल्या मोठाल्या खोल्यांतून हा पोरगा एकटाच सायकल फिरवू लागला.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो पेट्रोग्राडला स्थापत्यशास्त्र शिकायला गेला. तेवढ्यात १९१७ ची क्रांती झाली. १९१८ मध्ये सर्गेई लाल सैन्यात दाखल झाला आणि वडील विरुद्ध बाजूला गेले. १९२० मध्ये वडील बर्लिनमध्ये परागंदा अवस्थेतच वारले. बापलेकांमधला अबोला असा इतिहासाने कायमचा करून टाकला.

सैन्यात खंदक आणि तटबंदी बांधता बांधता सर्गेईला दोन नाद लागले. एक नाटकाचा आणि दुसरा जपानी लिपीचा. त्या लिपीत डोळ्याचे चिन्ह आणि पाण्याचे चिन्ह शेजारी शेजारी ठेवले की रडणे होते. कुत्रा आणि तोंड जोडले की भुंकणे होते. दोन साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी जवळ आणल्या की त्यातून डोळ्यांना न दिसणारी तिसरीच गोष्ट निर्माण होते. या एका निरीक्षणावर पुढे त्याने आपले सगळे चित्रपटशास्त्र उभे केले. दोन चित्रे एकमेकांवर आपटा, ठिणगी प्रेक्षकाच्या मनात पडेल. या जोडकामाला जग 'माँटाज' म्हणू लागले.

१९२१ मध्ये मॉस्कोच्या एका कामगार रंगभूमीवर जॅक लंडनच्या कथेवरून 'मेक्सिकन' नावाचे नाटक बसले. क्रांतीसाठी पैसे मिळावेत म्हणून मुष्टियुद्धात उतरणाऱ्या एका मेक्सिकन तरुणाची ती गोष्ट. नेपथ्य आणि वेशभूषा आयझेन्स्टाइनकडे होती. पण त्याने मुष्टियुद्धाचा आखाडाच रंगमंचावरून उचलून प्रेक्षकांच्या जवळ आणून ठेवला. हे त्याचे पहिले गाजलेले काम. मेक्सिको त्याच्या आयुष्यात शिरला तो असा, दहा वर्षे आधी आणि केवळ कल्पनेने. मेक्सिकोत मृतांच्या दिवशी सांगाड्यांची खेळणी विकतात, त्यांची चित्रे त्याने कुठल्याशा जर्मन सचित्र नियतकालिकात पाहिली होती, तीही डोक्यात घर करून बसली होती.

देवांची माळ

'स्ट्राइक' आणि 'पोटेमकिन' या चित्रपटांनी आयझेन्स्टाइन जगप्रसिद्ध झाला. क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी त्याच्याकडे 'ऑक्टोबर' हा चित्रपट सोपवण्यात आला, तो १९२८ मध्ये लोकांसमोर आला. त्यात एक प्रसंग आहे. देव आणि देश यांच्या नावाने क्रांतीवर चालून येणाऱ्या सेनापतीची टर उडवायची होती. आयझेन्स्टाइनने काय केले, तर मूर्तींची एक माळच ओवली. सुरुवातीला सोन्याच्या किरणांनी वेढलेला भरजरी ख्रिस्त, मग हिंदू देवता, बुद्ध, अ‍ॅझटेक देव, असे एकामागून एक करत शेवटी एक ओबडधोबड लाकडी ठोकळा. ख्रिस्तापासून ठोकळ्यापर्यंत सारे एकच, असे त्याला म्हणायचे होते.

पडद्यावर अ‍ॅझटेक देवतांना इतक्या सहज आणि इतक्या बेफिकिरीने याआधी कोणी आणले असेल असे वाटत नाही. या देवांविषयी त्याला राग नव्हता आणि प्रेमही नव्हते. युक्तिवादाला लागणारा कच्चा माल, एवढीच त्यांची किंमत होती. गणित मांडावे तसे त्याने ते मांडले. तो प्रसंग आजही चित्रपटशाळांत शिकवला जातो, तो जोडकामाचा नमुना म्हणून. आपल्याला त्याकडे पाहायचे आहे ते दुसऱ्या कारणाने. ज्यांना त्याने माळेत ओवले, त्यांच्यातल्याच काहींच्या अंगणात हा माणूस तीन वर्षांत जाऊन उभा राहणार होता.

पंचवीस हजार डॉलरचा करार

ऑगस्ट १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारच्या परवानगीने आयझेन्स्टाइन, त्याचा सहकारी ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह आणि छायालेखक एडवर्ड टिसे असे तिघे बोलपटाचे नवे तंत्र पाहायला युरोपात गेले. पॅरिसमध्ये पॅरामाउंट कंपनीने त्याच्याशी करार केला आणि १९३० मध्ये तिघे हॉलिवूडला पोचले. चॅप्लिनशी मैत्री झाली, डिस्नेशी भेट झाली, पण काम जमेना. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधावरची पटकथा नापास झाली. ड्रायझरच्या 'अ‍ॅन अमेरिकन ट्रॅजेडी'ची पटकथाही नापास झाली. गरीब पोराला गुन्हेगार कोण बनवते, या प्रश्नाचे आयझेन्स्टाइनचे उत्तर कंपनीला परवडणारे नव्हते. बाहेर त्याच्याविरुद्ध साम्यवादी, ज्यू असा प्रचार चालू होताच. ऑक्टोबरात करार संपला.

रिकाम्या हाताने परत जाणे नको होते. चॅप्लिनने नाव सुचवले अप्टन सिंक्लेअरचे. शिकागोच्या कत्तलखान्यांचे वाभाडे काढणारी 'द जंगल' ही कादंबरी लिहिलेला हा समाजवादी लेखक. २४ नोव्हेंबर १९३० रोजी त्याची पत्नी मेरी क्रेग हिच्याबरोबर करार झाला. पंचवीस हजार डॉलर, तीन-चार महिन्यांची मुदत आणि मेक्सिकोवर एक चित्रपट. कथा ठरलेली नव्हती. चित्रित होणारी सगळी फिल्म मात्र मिसेस सिंक्लेअर यांच्या मालकीची, असे स्पष्ट लिहिलेले होते. आयझेन्स्टाइनने सही केली.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे वाचण्यात घालवली. त्या सवयीने हा करार पाहिला की छातीत धस्स होते. काय बांधायचे आहे ते ठरलेले नाही, खर्चाचे अंदाजपत्रक नाही, मुदत कागदावरच अशक्य आहे आणि तारण म्हणून कलावंताने आपले अख्खे काम लिहून दिले आहे. असे प्रकरण कुठल्याही शाखेत मंजूर झाले नसते आणि दोन्ही पक्षांचे त्यात भलेच झाले असते. पण दोघांनाही घाई होती. एकाला चित्रपट हवा होता आणि दुसऱ्याला थोर कलावंताचे पोशिंदे होण्याचे समाधान. सिंक्लेअर काही खलनायक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तो धनाढ्य स्टुडिओमालक नव्हता. पत्नीचा आणि मित्रांचा पैसा त्याने यात घातला होता आणि तो काळ महामंदीचा होता. कामावर देखरेखीला त्याने आपला मेहुणा हंटर किंब्रो याला पाठवले. त्याला चित्रपटधंद्याचा अनुभव नव्हता.

वेदीमागचे देव

डिसेंबर १९३० मध्ये मंडळी मेक्सिको सिटीत पोचली आणि काही दिवसांतच पोलिसांनी त्यांना अटक केली. जगभरातून तारा आल्यावर सुटका झाली. सरकारने त्यांच्यावर नजर ठेवायला आणि मदत करायलाही आदोल्फो बेस्त मौगार्द हा चित्रकार नेमला. जानेवारी १९३१ मध्ये वाहाका शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले, तेव्हा विमान भाड्याने घेऊन हे तिघे तिथे धावले आणि त्या विध्वंसाचा वार्तापट करून आणला. मग सुरू झाली खरी भ्रमंती. तेहुआन्तेपेकच्या उष्ण प्रदेशात, जिथे बाजारपेठ बायकांच्या हातात असते. युकातानच्या जंगलात, जिथे माया लोकांची ओस नगरे पडली आहेत. आणि इदाल्गो प्रांतातल्या तेतलापायाक या जुन्या जहागिरीत.

इथे थोडे मागे जायला हवे. १५२१ मध्ये कोर्तेसने अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. देवळे पाडून त्यांचेच दगड चर्चच्या बांधकामाला वापरले. कागदोपत्री देव संपले. पण १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात काम चालू असताना जमिनीतून कोआत्लिकुए या मातृदेवतेची प्रचंड मूर्ती निघाली. सर्पांचा घागरा, मुंडक्याच्या जागी समोरासमोर आलेली दोन सापांची तोंडे, गळ्यात माणसांचे तळहात, हृदये आणि कवटी यांची माळ. आपण चामुंडेला आणि कालीला हात जोडणारे लोक, आपल्याला ही बाई फारशी परकी वाटणार नाही. ती विद्यापीठाच्या आवारात ठेवली, तर तिथले मूळ रहिवासी गुपचूप फुले आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. तिला पाहून पावणेतीनशे वर्षांची सगळी शिकवण विसरली जाते हे लक्षात आल्यावर ती पुन्हा पुरून टाकण्यात आली. १८०३ मध्ये हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाच्या आग्रहाखातर तिला वर काढले आणि परत मातीआड केले. आयझेन्स्टाइन मेक्सिकोत आला तेव्हा ती राष्ट्रीय संग्रहालयात सन्मानाने उभी होती.

हे त्याला पुस्तकातूनही समजले होते. अनिता ब्रेनर या लेखिकेचे १९२९ साली निघालेले 'आयडल्स बिहाइंड ऑल्टर्स', म्हणजे वेदीमागच्या मूर्ती, हे पुस्तक त्याने वाचले होते. जुने देव मेले नाहीत, ते नव्या देवांच्या पाठीमागे जाऊन बसले, असे त्याचे सूत्र. तेपेयाक टेकडीवर ग्वादालुपेच्या मेरीमातेचे ठाणे आहे. तिथेच पूर्वी तोनान्त्सिन, म्हणजे आमची आई, या देवीची पूजा होत असे. चोलुला गावात तर केत्झालकोआत्लचा पिरॅमिड टेकडीसारखा मातीत बुडून गेलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर चर्च आहे. आकारमानाने तो जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड. अशा ठिकाणी रक्ताळलेल्या गुडघ्यांवर पायऱ्या चढणारे, खांद्यांवर निवडुंगाचे काटेरी बुंधे बांधून घेतलेले भाविक आयझेन्स्टाइनने पाहिले. हे नेमके कोणाकडे चालले आहेत? माथ्यावरच्या मेरीकडे, की पोटातल्या सर्पदेवाकडे? 'ऑक्टोबर'च्या वेळी त्याला असल्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. आता तो नुसता पाहत राहिला. टिसेचा कॅमेराही त्या गुडघ्यांजवळ थांबून राहिला.

युकातानमध्ये चिचेन इत्सा इथे त्याने चित्रपटाची नांदी चित्रित केली. हे नगर माया लोकांचे, अ‍ॅझटेकांचे नव्हे. पण पिसांचा सर्प दोघांचाही. अ‍ॅझटेकांनी त्याला केत्झालकोआत्ल म्हटले, माया लोकांनी कुकुल्कान. दगडात कोरलेल्या मुखाशेजारी त्याने तिथल्याच एका जिवंत माणसाला उभे केले, दोघांचे चेहरे एका बाजूने दिसतील असे. तेच उतरते कपाळ, तेच बाकदार नाक, तेच जाड ओठ. माणूस हलत नाही, दगडासारखा स्थिर आहे आणि दगडावरून सावली सरकते म्हणून तोच जिवंत वाटतो. इथे जोडायला दोन तुकडे लागलेच नाहीत. देव आणि माणूस एकाच चौकटीत मावले. ज्याने देवांना एकामागे एक ओवून हास्यास्पद केले होते, त्याने देवाला माणसाच्या शेजारी उभे केले आणि दोघांचेही मोठेपण राखले.

तेतलापायाकमध्ये मॅगे या झाडाची शेते होती. आपल्याकडच्या घायपाताची ही थोरली बहीण. तिच्या गाभ्यातला रस लांब दुधीच्या नळीने तोंडाने ओढून काढतात आणि आंबवून पुल्के हे पेय करतात, जसे आपल्याकडे ताडी. अ‍ॅझटेक कथेप्रमाणे मायावेल नावाच्या देवीची पुरलेली हाडे रुजली आणि त्यातून पहिले मॅगे उगवले. या शेतांवर वेठबिगारी करणाऱ्या सेबास्तियान आणि मारिया यांची कथा आयझेन्स्टाइनने रचली. मालकाचा पाहुणा मारियाची विटंबना करतो, सेबास्तियान आणि त्याचे साथी बंड करतात, पकडले जातात. त्यांना खांद्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि वरून घोडे घालतात. पावसाने आठवडेच्या आठवडे काम अडले. एका तरुण शेतमजूर नटाच्या हातून पिस्तुलाशी खेळताना त्याच्याच बहिणीचा जीव गेला आणि तोही घोर साऱ्यांना लागला. पडत्या पावसात आयझेन्स्टाइन चित्रे काढत बसे. चित्रपटात शिरल्यापासून त्याने रेखाटणे जवळजवळ सोडून दिले होते. मेक्सिकोत हात पुन्हा सुटला, एका सलग रेषेत, दिवसाला अनेक चित्रे. बैलांच्या झुंजी, क्रूस, बळी, मॅकबेथने केलेला राजाचा खून. काही भाविकांना न पटणारी, काही चारचौघांत दाखवता न येण्याजोगी.

शेवट ठरला होता मृतांच्या दिवसाचा. दोन नोव्हेंबरला मेक्सिकोत घरोघरी गेलेल्या माणसांसाठी ताट मांडतात, साखरेच्या कवट्या खातात, सांगाड्यांचे मुखवटे लावून नाचतात. आपल्या सर्वपित्रीला कोणी असा गलका केला तर वडीलधारी मंडळी काय म्हणतील! पण त्यामागची अ‍ॅझटेक पुराणकथा ऐकण्यासारखी आहे. एकदा सृष्टी बुडाली आणि माणूसच उरला नाही. तेव्हा केत्झालकोआत्ल मृत्युलोकात, म्हणजे मिक्तलानमध्ये उतरला आणि तिथल्या राजाकडे पूर्वीच्या माणसांची हाडे मागितली. राजाने कबूल केले, मग शब्द फिरवला आणि वाटेत खड्डा खणून ठेवला. लावे फडफडले, देव दचकून पडला, हाडांचे तुकडे झाले. रडत रडत त्याने ते वेचले. देवीने ते वाटले, देवाने त्यावर स्वतःचे रक्त शिंपडले आणि माणूस पुन्हा उठला. तुकडे लहानमोठे होते म्हणून माणसेही लहानमोठी.

आयझेन्स्टाइनच्या शेवटच्या प्रसंगात मुखवटे उतरतात. मजुराच्या मुखवट्याखाली हसरा चेहरा निघतो. जहागीरदाराच्या आणि सेनापतीच्या पोशाखातल्या मुखवट्याखाली मात्र खरी कवटी. एक लहान मुलगा मुखवटा काढून हसतो आणि मृत्यू हरतो.

हिशेब बंद

तीन-चार महिन्यांचे वर्ष झाले. खर्च दुप्पट होऊन पन्नास हजार डॉलरच्या वर गेला. चित्रित झालेली फिल्म धुण्यासाठी कॅलिफोर्नियाला जाई. ती सिंक्लेअर पाहत असे, आयझेन्स्टाइनला तिचे फारसे दर्शनच घडत नव्हते. किंब्रो आणि त्याचे वाजले होते. क्रांतीत नवऱ्यांच्या मागून चालत गेलेल्या बायकांचा 'सोल्दादेरा' हा भाग चित्रित व्हायचा राहिला होता. सैन्याकडून माणसे आणि बंदुका मिळायच्या होत्या. त्यातच नोव्हेंबर १९३१ मध्ये खुद्द स्टालिनची तार सिंक्लेअरला आली. आयझेन्स्टाइनवरचा साथींचा विश्वास उडाला आहे आणि त्याला देश सोडून पळालेला समजले जाते, असा तिचा आशय होता. सिंक्लेअरने उत्तरात त्याची बाजू घेतली, पण मन कचरले ते कचरलेच. जानेवारी १९३२ मध्ये काम थांबवण्याचा हुकूम आला.

परतताना सीमेवर व्हिसासाठी महिनाभर ताटकळावे लागले. ट्रंकेत कस्टम अधिकाऱ्यांना ती चित्रे सापडली आणि सिंक्लेअर दांपत्य लाजेने आणि संतापाने पेटून उठले. फिल्म मॉस्कोला पाठवण्याचा वायदा मोडला. एप्रिलमध्ये आयझेन्स्टाइन न्यूयॉर्कहून बोटीत बसला, तो पुन्हा ती फिल्म हाती न लागण्यासाठीच. १९३३ मध्ये सॉल लेसर या निर्मात्याने मॅगेच्या कथेचा 'थंडर ओव्हर मेक्सिको' करून प्रदर्शित केला. पुढे 'डेथ डे' निघाला, १९३९-४० च्या सुमाराला मेरी सीटनने 'टाइम इन द सन' जुळवला. ज्याच्या हाती जे तुकडे आले, त्याने ते जोडले.

व्यवहार म्हणून पाहिले तर सिंक्लेअरची चूक काढणे अवघड आहे. कागद त्याच्या बाजूने होता, पैसा त्याचा बुडाला होता. पण व्यवहारात एक सूक्ष्म गोष्ट असते. बुडीत कर्जदाराची जमीन जप्त करता येते, त्याचा हात जप्त करता येत नाही. सिंक्लेअरकडे दोन लाख फूट फिल्म आली. तिचे काय करायचे हे ज्याला माहीत होते, तो एकच माणूस त्याने बोटीवर चढू दिला. फिल्म राखून ठेवून पैसे वसूल करता येतील, हा त्याचा हिशेब फसला आणि दोघेही बुडाले.

पुढली सोळा वर्षे

मॉस्कोत आयझेन्स्टाइन खचून गेला. १९३३ मध्ये त्याला आरोग्यधामात जावे लागले. चित्रपटसंस्थेत तो शिकवू लागला आणि अप्रतिम शिकवू लागला. १९३४ मध्ये त्याने जुनी मैत्रीण पेरा अताशेवा हिच्याशी विवाह केला. १९३५ च्या सभेत सहकाऱ्यांनीच त्याच्यावर तोंडसुख घेतले. 'बेझिन मेडो' हा पुढचा चित्रपट १९३७ मध्ये सरकारी हुकमाने बंद पडला आणि त्याची फिल्म युद्धात नष्ट झाली. मागे उरली ती सुटी चित्रे. 'अलेक्झांडर नेव्हस्की'ने १९३८ मध्ये त्याला मान परत मिळवून दिला. मग आला 'इव्हान द टेरिबल'. पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक मिळाले. त्याच आनंदाच्या मेजवानीत, २ फेब्रुवारी १९४६ रोजी, त्याला हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या भागावर बंदी आली, ती १९५८ मध्ये उठली.

'इव्हान' पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. राजवाड्याच्या भिंतींवर रंगवलेले संत आणि देवदूत आहेत. त्यांचे मोठमोठे डोळे खाली वावरणाऱ्या माणसांवर रोखलेले आहेत. कट होतात, विष दिले जाते, खून होतात आणि ते डोळे पाहत राहतात. इथे देवांची टर नाही. 'ऑक्टोबर'मधला तरुण हे करू शकला नसता. मला वाटते, मध्ये मेक्सिको घडला होता.

आजारपणात त्याने आठवणी लिहिल्या, त्यांत मेक्सिको पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या लेखांची 'द फिल्म सेन्स' आणि 'फिल्म फॉर्म' ही पुस्तके जगभर गेली. १९६० च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे ऋत्विक घटक त्याला गुरुस्थानी मानत, त्यामुळे त्याच्या विचारांचा एक झरा आपल्या दारापर्यंतही आला. ११ फेब्रुवारी १९४८ रोजी, रंगीत चित्रपटावरचे लेखन टेबलावर अर्धवट असताना, आयझेन्स्टाइन गेला. वय पन्नास.

सिंक्लेअरने पुढे ती फिल्म न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाला देऊन टाकली. तिथून ती १९७० च्या दशकात मॉस्कोला पोचली. तिघांतला एकटा उरलेला अलेक्सांद्रोव्ह आता म्हातारा झाला होता. १९७९ मध्ये त्याने आठवणींच्या आणि जुन्या टिपणांच्या आधारे 'के विवा मेहिको!', म्हणजे मेक्सिकोचा जयजयकार, जुळवला. आपल्याला आज पाहायला मिळतो तो बहुधा हाच. सुंदर आहे, श्वास रोखायला लावणारी चित्रे आहेत, पण ठिणगी अधूनमधूनच पडते. मिक्तलानमधून हाडे वर आली, वेचली गेली, नीट मांडलीही गेली. वरून शिंपडायचे रक्त मात्र ज्याच्याजवळ होते तो एकतीस वर्षांपूर्वीच निघून गेला होता.

तरीही त्या हाडांतून काही उगवलेच नाही असे नाही. एमिलियो फर्नांदेझ आणि छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ यांनी १९४३ मध्ये 'मारिया कांदेलारिया' हा चित्रपट केला. दोलोरेस देल रिओ त्याची नायिका. १९४६ मध्ये तो कान महोत्सवात गौरवला गेला आणि मेक्सिकोच्या चित्रपटाकडे जगाने प्रथमच वळून पाहिले. त्याच्या सुरुवातीलाच प्राचीन दगडी मूर्ती एकामागून एक दिसतात आणि मग त्यांच्याशेजारी एक जिवंत, तद्देशीय स्त्री उभी राहते. तोच चेहरा, तीच स्थिरता. मेक्सिकोने आपले देव आणि आपली माणसे पडद्यावर एकत्र पाहिली ती अशी. ज्याने हे पाहायला शिकवले तो हजारो मैलांवर मॉस्कोत होता आणि त्याचे स्वतःचे चित्र दुसऱ्याच्या मालकीच्या डब्यांत बंद होते.